सहा, सहा, सहा, चार

एकादशीच्या रात्री आमच्या समता कॉलोनीत लवकर झोप लागत नाही. खाटू श्यामाच्या मंदिरात भजनं सुरू होतात, ढोलकीचा आवाज गल्ल्यांतून वळत वळत आमच्या मागच्या खोलीपर्यंत येतो, आणि त्याच वेळी पलंगावर भिंतीला टेकून आई हरिपाठाला लागलेली असते. ती आता ८३ वर्षांची आहे. आवाज बारीक झालाय, पण ठेका सुटत नाही. बाहेर राजस्थानातल्या सीकरकडचा श्याम, आत पंढरपूरचा विठ्ठल. तिथी दोघांची एकच. मी मागच्या खोलीत बोर्डासमोर उभी असते. गेली १९ वर्षं माझं बहुतेक काम या दोन आवाजांच्या मध्ये झालंय.

रात्री काम करायची सवय रायपूरच्या उन्हाने लावली. मे महिन्यात पारा ४५च्या आसपास गेला की दिवसा ॲक्रिलिक कुंचल्यावरच वाळतं. कूलर लावावा तर हवा दमट होऊन कागद फुगतो. तैलरंग घ्यावा तर वाळायला दिवस लागतात, आणि तेवढ्या दिवसांत उरला-सिलतऱ्याच्या कारखान्यांकडून येणारी बारीक काळी धूळ ओल्या रंगावर बसून राहते. खिडकीच्या कट्ट्यावरून सकाळी बोट फिरवलं तर काजळ लावल्यासारखं काळं होतं. या गावात राहून रंगाशी कसं वागायचं ते हवेकडूनच शिकावं लागतं.

माझ्या चित्रांचा विषय भजन आहे असं सांगितलं की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे वीणा, टाळ, भगवी पताका आणि कपाळाला बुक्का लावलेला म्हातारा येतो. पंधरा-सोळा वर्षं मीही तेच काढत होते आणि मनापासून काढत होते. आमच्या देवघरात रविवर्मा प्रेसची लक्ष्मी होती. पणजोबा बंगाल नागपूर रेल्वेत लागले तेव्हा नागपूरहून येताना ती बरोबर आणली, असं घरात सांगत. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेलेला तो छापखाना; त्याच्या कागदी देवांनी आमच्यासारख्या किती घरांत देवघर उभं केलं असेल! नंतर भिंतीवर मुळगावकरांच्या चित्रांची कॅलेंडरं आली. वर्ष संपलं तरी आई ती टाकू देत नसे, खालचा तारखांचा भाग कापून वरचा देव ठेवून घेई. त्या कापलेल्या देवांवर कागद ठेवून गिरवत मी चित्रं काढायला शिकले. त्यांच्याविषयी वाईट बोलायला माझी जीभ रेटणार नाही.

पण एक प्रसंग घडला. २००३ साली दुसऱ्या गावातल्या एका संस्थेने आपल्या सभागृहासाठी तुकोबांच्या अभंगांवर आठ चित्रं मागवली. शाळेतली नोकरी सांभाळून मी ती पाच महिन्यांत पुरी केली. इंद्रायणीतून वर आलेली गाथा, भंडाऱ्याचा डोंगर, कीर्तन, वैकुंठाला निघालेलं विमान. विमान आणखी ठळक हवं असा निरोप आला, तेही केलं. शेवटी दोन चित्रं तुकोबांचं धोतर पुरेसं पांढरं नाही म्हणून परत आली आणि उरलेल्यांचे पैसे अर्धेच मिळाले. पैशांचं दुःख एक-दोन वर्षांत ओसरलं. ओसरलं नाही ते वेगळंच.

चित्रं टांगली त्या दिवशी तिथे भजन होतं. मीही बसले होते. भजन ऐन रंगात आलं, टाळकऱ्यांनी ध्रुपद उचललं, सोडलं, पुन्हा उचललं, आणि मी मान वर करून माझ्याच चित्राकडे पाहिलं. तुकोबा हात उंचावून उभे होते. गाणं लांब जाऊन परत आलं तेव्हाही ते तसेच उभे होते. सभागृहात एकही माणूस भिंतीकडे बघत नव्हता, बहुतेकांचे डोळे मिटलेले होते. मी अभंगातलं सगळं काढलं होतं, फक्त अभंग गाताना जे होतं तेवढं चित्रात कुठे नव्हतं. त्या रात्रीच्या गाडीने रायपूरला परतताना ठरवलं की आता देवाचा चेहरा काढायचा नाही. मग काय काढायचं, ते कळायला पुढे तीन वर्षं लागली.

त्या तीन वर्षांत मी आधीच्या लोकांनी काय केलंय ते पाहत सुटले. रागमालेची चित्रं पुस्तकांतून पुन्हा काढून बसले. तोडी म्हणजे हातात वीणा घेतलेली स्त्री आणि भोवती जमलेली हरणं. भैरवी म्हणजे शिवलिंगाची पूजा करणारी. चित्रं इतकी देखणी आहेत की पान उलटवत नाही. पण त्या चित्रकारांसमोर रागाचं वर्णन करणारे श्लोक असत आणि ते त्या वर्णनाला मूर्त करत. सूर त्यांच्याही चित्राबाहेर थांबलेला वाटतो, निदान मला तरी वाटतो. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी मला अधिक जवळची वाटली. तिथे गाणारा पोथीतलं एकेक चित्र समोर धरतो, आख्यान सरकलं की चित्र बदलतो. एका चित्रापुढे किती वेळ थांबायचं ते गाणं ठरवतं. गाण्याने चित्राला वेळ दिला आहे! माझ्या तुकोबांना असा वेळ कुणी दिला नव्हता, आणि भिंतीवर टांगलेल्या चित्राला तो कुठून आणायचा हा माझा प्रश्न झाला.

या प्रश्नाचं बी खरं तर फार आधी, खैरागढला पडलं होतं. इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय १९५६ साली निघालं, ते राजा वीरेंद्र बहादुर सिंह आणि राणी पद्मावती देवी यांनी आपल्या मुलीच्या, इंदिरेच्या आठवणीत देऊ केलेल्या राजवाड्यात. सुरुवातीच्या काळात तिथले कुलगुरू होते भातखंड्यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर, त्यामुळे मराठी घरांत खैरागढविषयी एक आपलेपणा असे, आणि त्या आपलेपणापायीच बाबांनी मला १९८४ साली तिथे पाठवलं. राजवाड्यात संगीत शिकणारे आणि चित्रकला शिकणारे एकाच अंगणातून जात-येत. आमच्या वसतिगृहात शेजारच्या खोलीतली मुलगी एकाच बंदिशीचा मुखडा सलग तीन आठवडे घोटत होती. मला तेव्हा मडक्यांचा अभ्यास दिला होता. तीच तीन मडकी, तोच खिडकीतला उजेड. तिचा मुखडा सुरू झाला की मी कोळसा उचलायची, ती थांबली की थांबायची. तीन आठवड्यांनंतर माझ्याकडे ४० कागद होते आणि शेवटच्या दहा कागदांवर मडकी जवळजवळ उरलीच नव्हती, फक्त काठाची एक रेघ परत परत येत होती. शिक्षकांनी ते दहा कागद बाजूला काढून ठेवले आणि बाकीचे मला परत दिले. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही, आणि मग वीसेक वर्षं नोकरीच्या रहाटगाडग्यात ते विसरूनही गेले.

ते आठवलं ते २००६ साली, गाथा वाचताना. तुकोबांच्या छापील गाथेत पहिलं कडवं संपलं की एकचा आकडा असतो. दुसरं संपलं की आकड्याच्या जागी 'ध्रु.' असं असतं. लहानपणापासून हजारदा पाहिलेलं ते अक्षर. त्या दिवशी त्यावर बोट ठेवून मी थांबले. कागदावर ती ओळ एकदाच छापलेली असते, पण गाताना प्रत्येक कडव्यानंतर तिच्याकडे परत यायचं असतं. म्हणजे कागदावरचा अभंग हा अर्धाच अभंग. उरलेला अर्धा त्या एकाक्षरी खुणेत दडलाय, आणि तो गाणाऱ्याने भरायचा. पाचव्यांदा ध्रुपद येतं तेव्हा शब्द तेच असतात, पण मध्ये चार कडवी होऊन गेलेली असतात, म्हणून ऐकू येतं ते वेगळं. खैरागढच्या त्या दहा कागदांवर हेच तर होतं!

मग मी अभंगाच्या अंगाकडे पाहायला लागले, अर्थाकडे नाही. मोठ्या अभंगात चार चरण: पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार. दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाचं यमक जुळतं, चौथा आखूड राहतो. आईच्या हरिपाठातल्या पहिल्या अभंगात पहिल्या तिन्ही चरणांचं यमक जुळतं, त्यावरून त्या छंदालाच देवद्वार नाव पडलं. सहा, सहा, सहा, चार. बेरीज २२. मी सुताराकडून २२ इंच रुंदीचे बोर्ड कापून आणले आणि पेन्सिलीने उभ्या चार पट्ट्या पाडल्या. पहिल्या तीन सहा इंचांच्या, शेवटची चार इंचांची. दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्टीचा तळ एकाच रंगात नेऊन सोडला, ते यमक. चौथी पट्टी अरुंद, म्हणून डोळा तिथे पोहोचला की त्याला दोन इंच कमी पडतात आणि तो मागे फिरतो. गाताना चौथ्या चरणानंतर श्वास घ्यायला जी जागा मिळते ती हीच. पहिला बोर्ड झाला तेव्हा मी आईला हाक मारली. ती बघत राहिली आणि म्हणाली, "शेवटचं दार अर्धं उघडं ठेवलंस का गं?" मी हो म्हटलं. तिने त्याहून जास्त काही विचारलं नाही, आणि तिच्या त्या एका प्रश्नावर मी पुढचे सहा महिने काम केलं.

पट्ट्यांखालचा थर कसला असावा यावर फार वेळ गेला. बाजारचं गेसो पांढरंफटक दिसे, त्यावर बसवलेला रंग हॉटेलातल्या ताटासारखा चकचकीत वाटे. आमच्या छत्तीसगढात गावाकडे घराच्या भिंती छुहीने पोततात. छुही म्हणजे खाणीतून निघणारी पांढरी माती. पाण्यात भिजवून, फडक्याने फिरवली की भिंतीला थंड, किंचित पिवळसर पांढरेपणा येतो, आणि फडक्याचे अर्धवर्तुळाकार फराटे वाळल्यावरही दिसत राहतात. दर दिवाळीला जुन्या थरावर नवा थर. मला तो पांढरा हवा होता. आधी छुही डिंकात कालवून कॅनव्हासवर लावली. वाळल्यावर आठवडाभर सुरेख दिसली, मग चित्र एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर नेताना कापड जरासं वाकलं आणि सगळा थर तळ्याच्या आटलेल्या गाळासारखा तडकला. सात चित्रं गेली. माती वाकत नाही, तिला पाठीशी न हलणारं काहीतरी लागतं, एवढी साधी गोष्ट सात चित्रं घालवून कळली. तेव्हापासून मी जाड प्लायवर काम करते. छुही दोनदा गाळून, फेविकॉल पातळ करून त्यात कालवते, पहिला हात आडवा, दुसरा उभा, मध्ये पूर्ण एक दिवस. पावसाळ्यात हे काम बंद, कारण ओलीत बुरशीचे करडे ठिपके येतात आणि ते पुसले तरी डाग राहतो.

छुहीची गाठ घालून दिली ती आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या बाईंनी. त्या कबीरपंथी. दामाखेड्याची गादी मानणारं त्यांचं घर. एकदा त्यांच्या गावी चौका आरती होती, तेव्हा मला बरोबर घेऊन गेल्या. सारवलेल्या जमिनीवर गव्हाच्या पिठाने चौकोन आखलेला, वर पांढऱ्या कापडाचं छत, मध्ये कलश, विड्याची पानं, नारळ. महंत बसले, खंजिरी आणि मंजिरे सुरू झाले. मूर्ती कुठेच नव्हती. लोक त्या पांढऱ्या चौकोनाकडे बघत गात होते, आणि मध्यरात्र उलटून गेली तरी गात होते. निर्गुण हा शब्द मी कुमार गंधर्वांच्या कॅसेटींमुळे ओळखत होते. क्षयाने खंगलेले कुमारजी देवासला आले, तिथे नाथपंथी गाणाऱ्यांकडून निर्गुणी भजनं त्यांच्या कानावर पडली, आणि पुढे त्यांनी ती अशी गायली की सूर मध्येच सोडून दिल्यावर त्या सोडलेल्या जागेतही काहीतरी वाजत राही. पण निर्गुणाला चार बाजू असतात, ते जमिनीवर पिठाने आखता येतं, हे मी भाटापाऱ्याकडच्या त्या अंगणात पाहिलं. पहाटे चौकोन पुसला गेला. बाईंनी पिठाची चिमूट माझ्या ओंजळीत ठेवली आणि म्हणाल्या, "राख ले दीदी." ठेवून घे.

त्याहून मोठा धडा रामनाम्यांकडून मिळाला. महानदीकाठच्या जांजगीर-चांपा, बलौदाबाजार भागातला हा पंथ. चारपारा गावच्या परसराम नावाच्या माणसाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुरू केला. मंदिरात पाऊल ठेवू न दिलेल्या माणसांनी रामाचं नाव स्वतःच्या अंगावरच गोंदवून घेतलं: कपाळावर, पापण्यांवर, हातांवर. डोक्याला मोरपिसांचा मुकुट, पायांत नाही तर हातात घुंगरू, ते जमिनीवर आपटून ठेका धरायचा. पौष शुद्ध एकादशीपासून तीन दिवस त्यांचा मोठा भजन मेळा भरतो. मी दोनदा जाऊन आले. माझं लक्ष खिळून राहिलं ते त्यांच्या ओढणीवर. पांढऱ्या जाड कापडावर काळ्या अक्षरांत राम, राम, राम, ओळीखाली ओळ, काठापासून काठापर्यंत. जवळून वाचता येतं. चार हात मागे सरलं की अक्षर मोडतं आणि उरते ती फक्त वीण, काळ्या-पांढऱ्याची, थरथरणारी. आणखी मागे गेलं की ते कापड धुक्यासारखं करडं होतं. ते भजन गात होते आणि तेच भजन अंगावर पांघरून बसले होते. एका म्हाताऱ्या बाईंशेजारी बसले होते, त्यांच्या कोपराजवळची गोंदलेली अक्षरं सुरकुत्यांनी एकमेकांत मिसळली होती. मी शहरातल्या कलादालनांत भजनावरची पुष्कळ चित्रं पाहिली आहेत. त्या ओढणीच्या जवळपास येईल असं एक मला अजून दिसलेलं नाही, आणि ती बनवणाऱ्यांना कुणी चित्रकार म्हणत नाही याचं मला वाईट वाटतं.

त्या मेळ्याहून परतल्यावर मी कामाची रीत बदलली. आता एका बोर्डावर दर एकादशीला एकच थर चढतो, त्यापेक्षा जास्त नाही. वर्षाला २४ थर. अधिक मास आला तर २६; २०२३ साली अधिक श्रावण होता, त्या वर्षाच्या बोर्डावर दोन थर जास्त आहेत. रंग तोच. गेरू, थोडा काजळीचा काळा, छुहीचा पांढरा. कधी रोलरने, कधी पॅलेट नाइफने ओढून. प्रत्येक वेळी खालचा थर थोडा झाकला जातो आणि कडेला थोडा उघडा राहतो, त्यामुळे पट्टीची कड जाड होत जाते. चैत्रात सुरू केलेला बोर्ड फाल्गुनात हातात घेतला की वजनातला फरक मनगटाला कळतो.

काम एका जागी आल्यासारखं वाटत होतं, तेव्हा पखवाजवाले काका आले. चौबे कॉलोनीतल्या महाराष्ट्र मंडळात भजन असलं की ते वाजवतात. त्यांनी हात पाठीमागे बांधून तीन बोर्ड पाहिले, चौथ्यासमोर थांबले आणि बोटांनी मांडीवर आठ मात्रा मोजल्या.

"ताई, सगळं बरोबर आहे. पण सम कुठंय?"

मला उत्तर देता आलं नाही. ताल म्हटला की सम आली; सगळे तिथे भेटतात, मान तिथे हलते. चित्रात डोळा कुठूनही शिरतो आणि कुठूनही बाहेर पडतो. काका गेल्यावर मी तिसऱ्या पट्टीच्या शेवटी शेंदरी लाल ठिपका दिला. चित्र एकदम सावरलं, डोळा तिथे येऊन टेकायला लागला. मी खूश होऊन झोपले. सकाळी चहा घेताना पाहिलं आणि कळलं की तो ठिपका माझा नाही. सैयद हैदर रझा आमच्याच जुन्या मध्य प्रांतातले, १९२२ साली मंडला जिल्ह्यातल्या बाबरियात जन्मलेले, नागपूरला चित्रकला शिकलेले. शाळेत चंचल मुलाचं मन स्थिर व्हावं म्हणून शिक्षकांनी भिंतीवर एक बिंदू काढून त्याकडे बघत बसायला सांगितलं, आणि पुढे पॅरिसमध्ये कितीतरी वर्षं काढल्यावर त्यांना तोच बिंदू सापडला. २०१६ साली ते गेले, तेव्हा त्यांना नर्मदाकाठी मंडल्यालाच, वडिलांच्या शेजारी पुरलं. एका माणसाने आयुष्यभर चालून गाठलेली जागा मी एका रात्रीत उचलून आणली होती. नाइफने तो ठिपका खरवडला. खालचे अकरा थर दिसायला लागले आणि तो बोर्ड तसाच, जखमेसकट, अजून माझ्याकडे आहे.

त्या दिवसांत मी गायतोंड्यांकडे फार वेळ बघत बसले. वासुदेव गायतोंडेही नागपुरात जन्मलेले, १९२४ साली. रमण महर्षी, निसर्गदत्त महाराज यांच्या विचारांत रमलेला हा माणूस वर्षाकाठी मोजकीच चित्रं करी. रोलर आणि नाइफ, रंग लावायचा आणि काढायचा, पुन्हा लावायचा. त्यांच्या चित्रांत टेकायला एकही ठिपका नाही, तरी डोळा भरकटत नाही. मला वाटतं तिथे डोळ्याला धरून ठेवते ती लागलेल्या वेळाची जाडी. हे मनाशी म्हणणं सोपं, हाताला आणणं कठीण. मी सम ठिपक्यात शोधायची सोडली. आता तिसऱ्या आणि चौथ्या पट्टीच्या मधल्या शिवणीत रंग किंचित जास्त ठेवते, इतका की समोरून दिसत नाही. बाजूने दिव्याचा उजेड पडला तर एक बारीक सावली उठते. काकांना पुन्हा बोलावलं. त्यांनी त्या शिवणीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हं, आहे. पण उशिरा येते." मग म्हणाले, "उशिरा आली तरी चालेल, येऊ दे."

परवाच्या एकादशीला स्वयंपाकाच्या बाई जाता जाता दारात थांबल्या. त्यांना नेहमीचाच प्रश्न होता, गेली कित्येक वर्षं त्या तो विचारतात: "दीदी, एमा देवता कोन मेर हे?" यात देव कुठल्या जागी आहे? मी दर वेळी काहीतरी उत्तर देते. या वेळी मी त्यांना खुर्ची दिली आणि म्हटलं, बसा थोडा वेळ. त्या बसल्या. बाहेर श्यामाच्या मंदिरात गर्दी वाढत होती, कुणीतरी माइकवर जयकारा देत होतं. मी छुहीत गेरू कालवला, रोलर ताटलीत दोनदा फिरवला. बोर्डावर तो सतरावा थर होता. पहिल्या तीन पट्ट्या झाल्या. आई आतल्या खोलीत हरिपाठ म्हणत होती, तिचा आवाज तीन चरण स्वच्छ आला आणि चौथ्यावर, दोन अक्षरं झाल्यावर, थांबला. झोप लागली असावी. माझा रोलर हवेत होता, शिवणीच्या वर. बाई माझ्याकडे बघत होत्या, मी आतल्या दाराकडे. ढोलकीचा आवाज येऊन गेला, कुणाच्या तरी स्कूटरचा येऊन गेला. मग आईने, डोळे मिटलेले असतानाच बहुतेक, उरलेली दोन अक्षरं म्हटली.

मी रोलर टेकवला.